आनंदवनाची सहल

शाळेची सहल म्हटली की आमच्या चंद्रपुरात दोन नावं ठरलेली. एक ताडोबा आणि दुसरं माणिकगडचा किल्ला. यंदा मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी वरोऱ्याचं आनंदवन ठरवलं आणि आठवीच्या मुलींबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळी सात ते अकरा शाळा, मग घरी येऊन कुकर, धुणं आणि सासूबाईंची औषधं, असा माझा दिवस. सहल म्हणजे मलाही एका दिवसाची सुटीच.

आदल्या दिवशी दोन मुलींच्या वह्यांतून आयांच्या चिठ्ठ्या आल्या. एकीनं लिहिलं होतं, 'बाई, डबा आणि पाणी घरून देते आहे. तिथलं काही खाऊ देऊ नये.' दुसरीनं तर मुलीला पाठवायचंच नाकारलं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर हसणं झालं. शिकल्यासवरल्या बायका आणि असल्या समजुती! सगळ्यांबरोबर मीही हसले. पण मैत्रिणींनो, त्या हसण्यात मी किती खोटी होते ते मला एकटीलाच ठाऊक होतं. आज तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे चार वर्षं एक भांडीवाली होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. गावाबाहेरच्या झोपडपट्टीतून ती चालत यायची. नवरा खाणीवर ठेकेदाराकडे रोजीनं जायचा, म्हणजे जायचा तेव्हा जायचा. पदरात तीन लेकरं. पाच घरची भांडी आणि दोन घरचं धुणं, एवढ्यावर तिचं घर चालायचं. कामाला चोख. ओट्यावरची गरम कढई ती फडक्याशिवाय उचलायची. मी कौतुकानं म्हणायची, "अगं, तुला सांडशी लागतच नाही की!" ती हसायची. तिचे हात काटक आहेत असं मी समजत होते.

गेल्या पोळ्याच्या आठवड्यातली गोष्ट. मोरीत भांडी घासताना तिच्या डाव्या हाताची बाही वर सरकली आणि कोपराजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा दिसला. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "काई नाही जी बाई. खाजत नाही, दुखत नाही. चिमटा काढला तं बी समजत नाही."

मी बी. ए. झालेली आहे. शाळेत फळ्याजवळच्या भिंतीवर आरोग्य खात्याचं पत्रक लावलेलं आहे आणि बधिर चट्टा म्हणजे काय असू शकतं ते त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. ते वाचूनच मी घाबरले. पुढचं वाक्य होतं, 'लवकर उपचार घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.' ते काही मला त्या वेळी आठवलं नाही. दोन दिवस मी तिचा चहाचा कप वेगळा ठेवला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. मी घरीच करीन म्हणते." ती म्हणाली, "काहून जी बाई? माह्यं काई चुकलं का?" मी उत्तर दिलं नाही. महिन्याचा पगार मोजला आणि उंबरठ्यावर ठेवला. तिनं तो वाकून उचलला आणि गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा मी खालच्या आवाजात कारण सांगितलं. आठवड्याभरात तिची उरलेली चारही घरं सुटली. आणि त्याच पंधरवड्यात कुष्ठरोगाच्या पाहणीसाठी आशाताई दारात आली. कुणाच्या अंगावर चट्टा आहे का, असं तिनं विचारलं. "आमच्याकडे कुणाला नाही," म्हणून मी दार लावलं. खोटं काहीच बोलले नव्हते. पण त्या मुलीला एक नाव सांगितलं असतं तर केवढं काम झालं असतं!

असं ओझं मनात घेऊन मी जानेवारीतल्या एका सकाळी त्रेचाळीस मुलींबरोबर एस. टी. त बसले.

चंद्रपूर ते वरोरा पन्नासेक किलोमीटर. पडोलीचा चौक मागे पडला की नागपूरचा रस्ता लागतो. मागे वळून पाहिलं तर वीज केंद्राच्या चिमण्या बराच वेळ दिसत राहतात. वाटेत भद्रावती, तिथलं जैन मंदिर, मग खाणींचे मातीचे डोंगर आणि कोळशाच्या ट्रकांची रांग. रस्त्याकडेची झाडंसुद्धा काळवंडलेली. मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. इतिहासाची बाई म्हणून मला दोन शब्द सांगणं भागच होतं.

मी सांगितलं ते असं. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांचा जन्म १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. शिक्षण वकिलीचं. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते, तेव्हा सफाई कामगारांचं दुःख समजावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. असं काम करत असतानाच एकदा पावसात गटाराजवळ पडलेला एक माणूस त्यांना दिसला. कुष्ठरोगानं हातापायाची बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. त्याचं नाव तुळशीराम. आणि मैला वाहायला न कचरणारे बाबा त्याला पाहून भीतीनं घरी पळाले.

"पळाले?" पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. हो, पळाले. पण ते पळणं त्यांना झोपू देईना. ते परत गेले, तुळशीरामावर आडोसा केला, त्याला खाऊपिऊ घातलं. तो काही वाचला नाही. पण बाबांनी पुढं कलकत्त्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेतलं आणि कुष्ठरोग्यांमध्येच राहायला गेले. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये निघाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन सुरू झालं. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये!

हे सगळं मी कितीदा शिकवलं आहे. 'पळाले' हा शब्द मात्र त्या दिवशी माझ्याच कानात अडकला. पळणं कुणाच्याही हातून होतं. फरक परत जाण्यात आहे.

दहाच्या सुमारास पोचलो. गाव जवळ असूनही आत शिरताच हवा बदलल्यासारखी वाटते. दुतर्फा उंच झाडं, स्वच्छ वाटा, तळी, शेतं. कागदाचा कपटा दिसत नाही. माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्यासारखं काहीतरी उदास होतं. प्रत्यक्षात एक नांदतं गाव निघालं. आम्हांला फिरवून दाखवायला आलेले काका पासष्टीचे असतील. आपण स्वतः लहानपणी रुग्ण म्हणून आलो आणि इथंच मोठे झालो, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि तेही असं, की जणू आपण अमुक शाळेचे विद्यार्थी!

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मुलींना फार आवडली. सुरुवातीला आनंदवनात पिकलेली भाजी आणि दूध वरोऱ्यात कुणी घेत नसे. रोग्यांचा हात लागलेला ना! मग पन्नासच्या दशकात परदेशातले तरुण स्वयंसेवक तिथं आले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केलं, त्यांच्याबरोबर जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू मोडली. पुढं १९६४ मध्ये आनंदवनानं महाविद्यालयच काढलं. ज्या गावानं भाजी नाकारली त्याच गावची मुलं तिथं शिकायला येऊ लागली.

मग हातमागाची शाळा. खटखट आवाजात सतरंज्या, टॉवेल, चादरी विणणं चाललेलं. एका मागावर बसलेल्या बाईंच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती, तीही अर्धी. धागा तुटला तर त्या मनगट आणि दात यांच्या मदतीनं गाठ मारत. आमच्या घरातल्या नीटनेटक्या बोटांना ती गाठ जमली नसती. आता इथं नवे कुष्ठरोगी फार कमी येतात, असं काका म्हणाले. १९८० नंतर एकापेक्षा जास्त औषधं एकदम द्यायची पद्धत निघाली आणि लोक घरी राहूनच बरे होऊ लागले. आनंदवनात आता अंध, मूकबधिर, अपंग मुलं आहेत, आणि जुने रुग्ण, जे बरे होऊनही ज्यांना घरानं परत घेतलं नाही.

त्या शेवटच्या वाक्याशी माझं पुढचं तासभर जडलं. जेवणाच्या आधी सावलीत बसले असताना एक आजी शेजारी येऊन टेकल्या. पाऊणशेच्या पुढच्या. पायांत मऊ तळव्याच्या खास चपला, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी विचारलं, "आजी, किती वर्षं झाली?" "लय झाली, बाई. मोजत नाही आता." मग आपणच सांगू लागल्या. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा अंगावर चट्टा आला. सासरी कळलं. एक रात्र गोठ्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी माहेरच्या वाटेला लावलं. माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. तिथंही दार बंद. मग नागपूरचं रेल्वे स्टेशन. काही वर्षं तिथंच पुलाखाली भीक मागून काढली.

"लोक वाईट होते का?" मी विचारलं.

"नाही जी. द्यायचे लोक. सणावाराला तं लय द्यायचे. पण वरून टाकायचे. असं." त्यांनी आखडलेला हात उंच केला आणि वरून काहीतरी सोडल्यासारखं केलं. "इथं आली, मागावर बसली. पहिल्या महिन्याचा पैसा साधनाताईनं माह्या हातात ठेवला. हातात! मी किती वेळ मूठ उघडलीच नाही."

मैत्रिणींनो, मला माझ्या घराचा उंबरठा दिसला.

चैत्रात आमच्या महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून माणसांचे लोंढे येतात, आणि देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मागणाऱ्यांची रांग लागते. मी दर वर्षी पन्नास रुपयांची नाणी सुट्टी करून नेते आणि एकेकाच्या थाळीत टाकत जाते. वरूनच. घरी आल्यावर बरं वाटतं. त्या रांगेतली किती माणसं कुणाच्या तरी उंबरठ्यावरून निघून तिथं येऊन बसली असतील, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. भिकेला बसलेल्याला आपण मदत करतो, पण त्याला भिकेला बसवणाऱ्यांत आपला हात असतो का, हे पाहत नाही.

जेवणाची पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी. वाढणाऱ्यांमध्ये बोटं नसलेले हात होते. चिठ्ठीवाली मुलगी आपला डबा घेऊन अवघडून बसली होती. खरं सांगते, माझाही घास क्षणभर हातात थांबला. शिक्षिकेकडे त्रेचाळीस मुली पाहत असतात, एवढ्याच धाकानं तो तोंडात गेला. दुसऱ्या घासाला धाक लागला नाही. थोड्या वेळानं पाहते तो त्या मुलीनं डब्यातला लाडू वाढणाऱ्या काकांच्या हातावर ठेवला होता आणि पान मांडून ती वरणभात जेवत होती.

निघण्यापूर्वी बाबा आणि साधनाताईंच्या समाधीपाशी गेलो. बाबा २००८ मध्ये गेले, साधनाताई २०११ मध्ये. दोघांना तिथल्याच मातीत ठेवलं आहे. बाबांची नावं, पुरस्कार सगळ्यांना पाठ असतात. १९८५ चं मॅगसेसे, पुढचं पद्मविभूषण, १९९० चं टेम्पल्टन. मला मात्र त्या दिवशी साधनाताईच आठवत होत्या. माहेरच्या इंदू घुले, नागपूरच्या सनातनी घरातल्या. बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत सगळे मांडवात असताना ही मुलगी मागच्या बाजूला घरच्या म्हाताऱ्या मोलकरणीला हळूच कपडे धुऊ लागली होती. बाबांनी ते पाहिलं आणि तिच्याशीच लग्न करायचं ठरवलं. १९४६ च्या डिसेंबरात लग्न झालं. विंचूकाट्याच्या रानात दोन लहान मुलांना घेऊन संसार त्यांनीच मांडला. त्यांतले थोरले विकास पुढं आनंदवन सांभाळू लागले. धाकटे प्रकाश १९७३ मध्ये पत्नी मंदाकिनींसह भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, माडिया गोंडांमध्ये राहायला गेले. गडचिरोली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. १९८२ मध्ये वेगळं झालं. एवढ्या सगळ्याच्या मुळाशी काय, तर मोलकरणीबरोबर धुणं धुणारी एक मुलगी!

परतीच्या गाडीत मुली झोपल्या. मी जागी होते.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग उद्या जाऊन ये." सासूबाई मात्र बोलल्या नाहीत. देवापुढची वात सारखी करत बसल्या.

रविवारी मी तिचं घर शोधायला निघाले. चार वर्षं ती माझ्या घरात येत होती आणि तिचं घर कुठल्या बोळात ते मला माहीत नव्हतं. पत्र्याच्या खोल्यांची ओळ, मधून उघडी नाली, एका नळावर पन्नास हंडे. कोळशाच्या शेगड्यांचा धूर डोळ्यांत झोंबत होता. ती दारातच भेटली. घाबरली. काही चोरीचं बोलायला आले की काय, असं तिला वाटलं असावं. कामं सुटल्यावर ती वीटभट्टीवर जात होती. डाव्या हातावर भाजल्याची जखम होती, तिला कळलीच नव्हती. आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. पोळ्याला ती दोन्ही बोटं सरळ होती. मी रोज पाहत होते.

दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावणं छान. त्यांनी सांगितलं ते तुमच्यासाठीही लिहिते. हा रोग जंतूंचा आहे. पूर्वजन्मीच्या पापाचा नाही आणि आनुवंशिकही नाही. तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरनं १८७३ मध्येच शोधला. तो सहजासहजी लागत नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असतेच. औषध न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासानं तो पसरतो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत पसरणं थांबतं. औषध सहा महिने किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. घरच्या आणि जवळच्या माणसांना तपासून प्रतिबंधक डोस देतात. आम्हांलाही तपासलं.

"बोटं सरळ होतील ना?" मी विचारलं.

"गोळ्यांनी जंतू मरतील," त्या म्हणाल्या. "पण नस एकदा दुखावली की गोळ्यांनी बोट सरळ होत नाही. व्यायाम आहे, वेळ पडली तर शस्त्रक्रिया आहे. पाच महिन्यांपूर्वी आणलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ती शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा पाहण्याचा हक्क होता, पण पाहिलं नाही.

सगळं गोड झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालेलं नाही. तिचं औषध चालू आहे. ती आमच्याकडे परत येते, गरम भांड्याला जाड फडकं लावायचं आणि रोज झोपण्यापूर्वी हातपाय निरखायचे, हे शिकली आहे. पण पाचांतल्या दोनच घरांनी तिला परत घेतलं. भिशीत मी कितीही सांगितलं तरी एक वहिनी म्हणाल्याच, "तुमचं ठीक आहे हो, आमच्याकडे लहान मूल आहे." पसरवलेली भीती गोळा करून परत आणता येत नाही, हे मला आता कळलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिच्यासाठी वेगळा कप काढला. मी तो परत फळीवर ठेवला. त्यावर आमचे दोन दिवस बोलणं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते २०१९ मध्ये काढून टाकलं. म्हणजे एवढ्या अलीकडेपर्यंत त्या आजींना गोठ्यात ठेवणाऱ्यांच्या बाजूला कायदाही उभा होता. कायद्यातली ओळ खोडली गेली. आपल्या घरातली ओळ आपल्यालाच खोडावी लागेल.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, चटका बसलेला तिला कळला नाही, हातातून भांडं सुटू लागलं, तर आधी चौकशी करा. शेजारी बोलू नका. तिचं काम काढू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा, कारण एकटी ती रोजी बुडवून जाणार नाही. हिशेब केला तर आपली एक सकाळ मोडते, तिचा हात वाचतो.

परवा एक तारीख होती. पगार मोजला आणि तिच्या हातात ठेवला. वळलेल्या दोन बोटांमुळे तिची ओंजळ नीट जुळत नाही. एक नोट खाली पडली. ती वाकण्याआधी मी वाकले.